आतली कडी

"मी काय म्हणतो वैजू, ते तांब्याचं घंगाळ तू जरा—"

"आधी आमटी वाढते, मग तुमचं घंगाळ," वैजयंती म्हणाली.

आणि घंगाळाचं काय करायचं ते तिथंच राहिलं. टीव्हीखालच्या कप्प्यातल्या काळ्या डब्यावरचा हिरवा दिवा विझला, पलंगाच्या उशाशी ठेवलेला स्पीकर मुका झाला आणि उमाकांत शेटे तोंड अर्धवट उघडं ठेवून बायकोकडं बघत राहिला. वैजयंतीनं हातातली पळी आमटीत सोडली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि गुडघे धरत टीव्हीसमोर खाली बसली. डब्याच्या पाठीमागची वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली. फोन उघडून बघितला. 'सर्व्हर सापडत नाही' असं तो म्हणत होता, आणि दोन महिने तो दुसरं काही म्हणत नव्हता.

सर्व्हर कुठं जाणार आहे? हा इथं समोर बसलाय, मेला. आवाज येतोय, अंग गरम आहे, फक्त घरातल्या जाळ्यावरून उतरून गेलाय. थोड्या वेळानं मनात येईल तेव्हा परत चढेल. कधी पाच मिनिटांत, कधी अर्ध्या तासानं. कधी सकाळच्या बातम्या चालू असताना जाईल, कधी जेवताना, कधी शेजारीण भाजी महागल्याचं रडगाणं गात बसलेली असताना. पण नवरा तिच्यावर खेकसत असताना मात्र हटकून चालू असायचा.

मिरजेत शेट्यांचं भांड्यांचं दुकान चांगलं नावाजलेलं होतं. उमाकांतला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, त्याहून वाईट म्हणजे वाचा गेली. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंडाळून पातेल्याबरोबर परातही विकणारा माणूस दोन वर्षं नुसता 'ऊं, ऊं' करत पडून होता. दुकान विकलं. शेवटी उरलेली थोडी तांब्यापितळेची भांडी घरी आली. आणि मग दोन महिन्यांपूर्वी वाचा केंद्राच्या यादीत त्याचा नंबर लागला.

यंत्र तसं समजायला सोपं होतं. माणूस बोलायला जातो तेव्हा ओठ हलायच्या आधी मेंदूचा एक कोपरा हलतो. जीभ अशी वळव, ओठ असे मीट, हे हुकूम तिथून सुटतात. उमाकांतचे हुकूम शाबूत होते, फक्त वाटेतला रस्ता खचला होता. डॉक्टरांनी त्या कोपऱ्यावर नखाएवढी एक पातळ पट्टी बसवली. पट्टी ते हुकूम टिपते आणि बिनतारी डब्याकडं पाठवते, डबा त्यांचे शब्द लावतो आणि स्पीकर ते बोलून दाखवतो. आवाज उमाकांतचाच. ठोक व्यापाऱ्यांना त्यानं वर्षानुवर्षं पाठवलेल्या फोनवरच्या निरोपांतून तो घडवला होता. त्यामुळं तो प्रेमानं 'पाणी दे' म्हणाला तरी माल उशिरा आल्याबद्दल झापतोय असं वाटायचं.

डबा घरातच ठेवायचा, हा कायदा होता. माणसाच्या मेंदूतून निघालेलं काहीही त्याच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर नाही, सरकारच्याही नाही. कायदा चांगला होता. फक्त त्यामुळं सर्व्हर सांभाळायचं काम त्या त्या घरच्या बाईच्या गळ्यात पडतं, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. कसं येणार? त्यांच्या घरी जेवण आपोआप होतं.

केंद्राचा दुरुस्तीवाला इम्रान मुजावर आठवड्यातून एकदा तरी येत होता. चाळिशीचा, पोट थोडं सुटलेला, सतत घामेजलेला माणूस. तीन तालुक्यांत तो एकटाच होता.

पहिल्यांदा त्यानं भांड्यांवर संशय घेतला. "काकी, एवढं तांबंपितळ खोलीत! बिनतारी लहर यातनं जाणार कशी? आपटून परत येते बघा." मग दोघांनी मिळून हंडे, परात, समया आणि ते घंगाळ मागच्या खोलीत माळ्यावर चढवलं. वैजयंतीची कंबर चार दिवस धरली. डबा दुसऱ्याच दिवशी पुन्हा गेला.

मग त्यानं वायर बदलली. मग म्हणाला, डब्याचं नेटवर्क कार्ड वीज वाचवायला मधेच डुलकी घेतं, त्याची झोप काढून टाकू. काढली. मग सापडलं की घरातल्या फ्रीजला आणि डब्याला एकच पत्ता मिळालाय. "एकाच घर नंबरची दोन घरं असल्यावर पोस्टमननं काय करायचं?" असं म्हणून त्यानं डब्याला कायमचा वेगळा पत्ता दिला. वैजयंतीला वाटलं, सुटलो. त्या रात्री उमाकांतनं तिच्या पोळ्यांना नावं ठेवली तेव्हाही तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा परत विझला.

या खेपेला इम्राननं डब्याला हात लावला नाही. चहा घेऊन व्हरांड्यात आला, चपला पायात अडकवल्या, काढल्या, परत अडकवल्या.

"काकी, मशीन धडधाकट आहे."

"मग दिवा काय भूत घालवतंय?"

"एक सांगतो. मी सांगितलं म्हणू नका." त्यानं आवाज उतरवला. "हे बसवताना प्रत्येक पेशंटला एक शब्द ठरवायला सांगतात. एकट्याला, दार लावून. आम्ही त्याला आतली कडी म्हणतो. मनातलं सगळं स्पीकरवर येईल अशी भीती असते ना माणसाला? म्हणून. तो शब्द त्यानं मनात म्हटला की डबा जाळ्यावरून उतरतो."

"आणि ते कळत नाही तुम्हाला?"

"कळू नये अशीच रचना आहे. उद्या घरची माणसं विचारणार, का गप्प बसलास? तर पेशंटला म्हणता आलं पाहिजे, मशीन बिघडलं. म्हणून कडी लावली तरी ती बिघाडासारखीच दिसते. नोंद नाही, काही नाही. परत कधी सुरू व्हायचं तेही डबा मनाला येईल तसं ठरवतो." त्यानं रुमालानं मान पुसली. "शब्द विचारायची आम्हाला मनाई आहे. तुम्हालाही."

वैजयंती उभी होती ती पायरीवर बसली. इम्रानचं अजून संपलं नव्हतं. केंद्राकडं डबे मोजके आणि यादी लांब. ज्या घरी डबा अर्धा वेळ बंद, तिथनं तो उचलून पुढच्या पेशंटला द्यायचा, असा नियम. शुक्रवारी तो डबा न्यायला येणार होता.

इम्रान गेल्यावर ती तिथंच गुडघे चोळत बसली. दोन महिने टीव्हीखाली सरपटून तिच्या गुडघ्यांचं भरीत झालं होतं. शेजारी म्हणायचे, वैजयंतीवहिनी नवऱ्यासाठी कंप्युटर इंजिनियर झाल्या. आणि तो आतून कडी लावून बसत होता? तिला राग आला नाही आधी. आधी तिला अपमान वाटला, राग नंतर आला.

ती आत गेली. दिवा चालू होता.

"तुम्ही बंद करता का हो हे?"

"काय?"

"डबा. तुमचा म्हणे शब्द आहे एक."

"आहे. पण मी नाही वापरत."

"मग जातो कसा?"

"मला काय ठाऊक? मशीन बिघडलंय."

कायद्यानं शिकवलेलं उत्तर अगदी तसंच्या तसं आलं. वैजयंती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "शुक्रवारी नेणार आहेत ते. कळतंय का? परत ऊं, ऊं. माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं सांगा. गुडघे तरी वाचतील माझे."

"वैजू, देवाशपथ, मी कशाला माझीच—"

"पुरे! आता उगाच भांडण वाढवू नका."

दिवा विझला.

तिनं दिव्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. तो डावा हात हलवत होता, मान हलवत होता, घशातून आवाज काढत होता. तिला वाटलं, किती ते नाटक. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, दुकानात त्याच्या शेजारी गल्ल्यावर बसून तिनं असली नाटकं गिऱ्हाइकांपुढं रोज बघितली होती. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर शुक्रवारपर्यंत ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. अंग पुसलं, कूस बदलली, गोळ्या दिल्या. जेवायच्या वेळी 'वाढू?' एवढंच विचारायची आणि तेवढ्यात दिवा गेला की मनात म्हणायची, बसा. बसा कडी लावून. खरं तर तिला रडायचं होतं, पण रडायलाही थोडी ताकद लागते.

शुक्रवारी इम्रान सकाळीच आला. हातात स्क्रूड्रायव्हर आणि डबा न्यायला थर्माकोलचं खोकं. त्यालाही ते खोकं जड झाल्यासारखं दिसत होतं. वैजयंतीनं उप्पीट केलं होतं. डबा न्यायला आला म्हणून काय झालं, माणूस घरी आला की उपाशी पाठवायचा नाही, ही शेट्यांच्या घरची रीत.

"इम्रान," स्पीकर म्हणाला, "हे सोडवायच्या आधी मला हिच्याशी एक बोलायचंय. नंतर मला जमणार नाही."

"बोला की काका. मी बाहेर थांबतो."

"थांब, खा आधी. वैजू, ते माळ्यावर जे घंगाळ ठेवलंय ना—"

वैजयंतीला खरोखर कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. वाचा जाताना माणसाला शेवटचं काय सांगायचंय, तर घंगाळ! तिनं तिकडं पाठ केली आणि कढई पुढं केली. "इम्रान, अजून थोडं वाढू?"

दिवा गेला.

"बघा," इम्रान हळूच म्हणाला.

पण वैजयंती बघतच होती. या वेळी ती दिव्याकडं नाही, नवऱ्याकडं बघत होती. तोंड वाक्याच्या मध्यावर उघडं होतं. डोळ्यांत पाणी होतं. घंगाळाचं का असेना, पण त्याला बोलायचं होतं. जीव तोडून बोलायचं होतं. असा माणूस कडी कशाला लावेल?

ती झारा हातात धरून उभी राहिली. आणि तिला दुकान आठवलं. रात्री समया आत घेतल्या जायच्या, परातींच्या चळती लागायच्या, नोकर शटरपाशी जाऊन मालकाकडं बघायचा. आणि उमाकांत रोज एकच शब्द बोलायचा. 'दुकान बंद कर' असं त्या दुकानात कुणी कधी म्हटलं नाही. बंद म्हणजे अभद्र. दुकान बंद करत नसतात, दुकान वाढवतात. नारळ फोडत नसतात, वाढवतात. बांगडीसुद्धा फुटत नसते, वाढते. नोकर शटरपाशी उभा आणि मालक म्हणायचा, 'चला, वाढवा.'

कुणी उमाकांत शेट्याला दार लावून विचारलं, की बाबा, तुझं बोलणं थांबवायचा एक शब्द सांग, तर तो दुसरा कुठला सांगणार होता?

तिनं कढई खाली ठेवली. दिवा परत येईपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही. दिवा आला. उमाकांत काही म्हणणार, तेवढ्यात ती मोठ्यानं म्हणाली, "चला, वाढवा."

दिवा विझला.

इम्राननं उप्पिटाची बशी तशीच स्टुलावर ठेवली आणि कपाळावर हात मारला. "या खुदा. काकी, मला शब्द सांगू नका. मी ऐकला नाही. मी काही ऐकलं नाही!"

मग त्यानं समजावून सांगितलं. कुणी बोलताना आपण ऐकतो तेव्हा आपल्याही मेंदूचा तोच कोपरा बारीक हलतो, ऐकलेला शब्द आत पुटपुटल्यासारखा. डबा ते पुटपुटणं एरवी गाळून टाकतो, नाहीतर टीव्हीवरचं सगळं स्पीकरवर ऐकू आलं असतं. पण आतली कडी मुद्दाम हलकी ठेवलेली असते. पेशंट तापात असो, गुंगीत असो, त्याला ती लावता आली पाहिजे. त्यामुळं त्या एका शब्दाला गाळणी नाही. घरात कुणी 'वाढू का' म्हणालं, बातम्यांत 'भाव वाढले' म्हणाले, शेजारीण 'उकाडा वाढलाय' म्हणाली, आणि उमाकांतनं ते लक्ष देऊन ऐकलं, की आत कडी पडायची.

"मराठी माणसाच्या घरात हा शब्द!" इम्रान म्हणाला. "दिवसातनं शंभरदा!"

त्यानं केंद्राला फोन केला, बिघाड सापडला म्हणून सांगितलं, काय ते सांगितलं नाही. डबा ठेवायची परवानगी मिळाली. शब्द बदलायचं यंत्र घेऊन तो सोमवारी येणार होता. थर्माकोलचं खोकं तो रिकामंच घेऊन गेला, आणि जाताना उरलेलं उप्पीट संपवून गेला.

वैजयंतीनं नवऱ्याचा हात हातात घेतला. "चुकले मी. खोटं वाटलं मला तुमचं."

दिवा आला तेव्हा तो म्हणाला, "दोन महिन्यांची उधारी आहे, आता व्याजासकट ऐकून घे." शब्द वसुलीचे होते, पण सूर बरा होता.

सुखान्त इथं व्हायला हरकत नव्हती. पण शनिवार उजाडला.

शनिवारी घरात 'वाढ' हा शब्दच कुणी उच्चारला नाही, टीव्ही बंद होता, आणि उमाकांत सकाळपासून बोलत होता. दोन महिन्यांची तुंबलेली नळी सुटली. डाळ पातळ आहे. पंखा आवाज करतो. त्या कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं स्टीलच्या भावात कसं फसवलं होतं. उशी अशी नको, तशी. चादर ओढ. चादर काढ. अंग पुसताना पाणी गार. आणि ते घंगाळ, पण ते ऐकायला ती थांबलीच नाही. वैजयंतीनं त्याला उचलून बसवलं, परत झोपवलं, चादरी धुतल्या, वाळत घातल्या. दुपारी ती खुर्चीवर टेकली, तर स्पीकर म्हणाला, "वैजू, बसलीस का? मी काय म्हणतो—"

गॅसवर काही नव्हतं. जेवणं होऊन भांडी घासून झाली होती. वैजयंती त्याच्याकडं बघून, अगदी गोड आवाजात म्हणाली, "आमटी वाढू का?"

दिवा विझला.

केवढी शांतता पडली! पंखा फिरत होता. लांब कुठंतरी रिक्षा गेली. तिनं डोळे मिटले. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. मग डोळे उघडले तर तो तिच्याकडं बघत होता. हात हलवत नव्हता, घशातून आवाज काढत नव्हता. नुसता बघत होता. आणि तिला कळलं की आपण काय केलं. एका मुक्या माणसाच्या तोंडावर हात ठेवला, आणि असा, की त्याला तक्रारही करता येऊ नये. इतके दिवस त्यानं आतनं कडी लावली म्हणून ती जळत होती. आज तिनं बाहेरनं लावली.

ती उठली नाही. त्याच्याकडं बघायला तोंड नव्हतं. दिवा परत यायला वेळ लागला.

"आमटी नव्हती," शेवटी ती म्हणाली.

"माहीत आहे. वास नव्हता आला."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"थकलीस?"

"कुठं काय," वैजयंती म्हणाली. कुणीही विचारलं की ती हेच म्हणायची. सासू आजारी असताना, दुकानात दिवाळीच्या गर्दीत, दवाखान्याच्या बाकड्यावर. कुठं काय.

"ते घंगाळ खाली काढ."

"परत घंगाळ!"

"ऐक गं जरा! काढ. गरम पाणी घाल, मूठभर मीठ टाक आणि पाय सोडून बस त्यात. दोन महिने तेवढंच सांगतोय मी. एकदा तरी वाक्य पुरं होऊ दिलंस?" आवाज ठोक व्यापाऱ्याला झापणाराच होता.

सोमवारी इम्रान आला. शब्द बदलायच्या आधी त्यानं उमाकांतला दहादा बजावलं, "काका, असा शब्द ठेवा जो या घरात कुणीच उच्चारत नाही. टीव्हीवरचाही नको." मग दार लावलं. वैजयंती बाहेर लसूण सोलत बसली. बाहेर आल्यावर इम्रान हसत होता. "काका म्हणाले, लग्न झाल्यापासून या घरात कधी ऐकू आला नाही असा एक शब्द आहे माझ्याकडं. काय ते मी विचारलं नाही."

"मग 'चुकलं' असणार," वैजयंती म्हणाली. "त्यांच्या तोंडून मी तरी ऐकला नाही."

त्यानंतर दिवा हलला नाही. आमटी वाढली, भाव वाढले, उकाडा वाढला, डबा ढिम्म. वैजयंती टीव्हीखाली वाकायचं विसरली. घंगाळ मात्र खालीच राहिलं. कधीमधी संध्याकाळी ती त्यात पाय सोडून बसायची आणि उमाकांत पलंगावरून पाणी किती गरम असावं यावर भाषण द्यायचा.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. घर आवरलं होतं, त्याला दवाखान्यात नेऊन आणलं होतं, तिथली लिफ्ट बंद म्हणून चाकाची खुर्ची दोघा अनोळखी माणसांच्या मदतीनं जिन्यानं वर चढवली होती. संध्याकाळी तिनं घंगाळात पाय सोडले. उमाकांत कोल्हापूरच्या व्यापाऱ्यावर आला होता. भिंतीला डोकं टेकून, कुणाला सांगायचं म्हणून नव्हे, पायातनं वर आलं म्हणून ती म्हणाली,

"दमले हो मी."

स्पीकर थांबला. डब्यावरचा हिरवा दिवा विझला.

"अरे देवा, परत!" ती तशीच ओल्या पायानं उठली, फरशीवर पाण्याचे ठसे उमटवत टीव्हीपाशी गेली, गुडघ्यावर बसली, वायरीला हात घातला. आणि मागं वळून बघितलं.

उमाकांतच्या तोंडाची जी बाजू अजून हलायची, ती हसत होती. डाव्या हाताचं बोट घंगाळाकडं दाखवत होतं. जा, बस.

तिच्या हातातून वायर सुटली. लग्न झाल्यापासून या घरात कधी ऐकू न आलेला शब्द. ती आधी हसली, मग मोठ्यानं रडली. मग उठून परत घंगाळात पाय सोडले. आज दवाखान्यात काय झालं, जिन्यात कशी भीती वाटली, दोन-अडीच वर्षांत काय काय झालं, सगळं सांगायला तिनं सुरुवात केली. दिवा मधे कधीतरी परत आला. पाणी गार होईपर्यंत ती बोलत होती आणि उमाकांत ऐकत होता.